टाळ-वीणेसह गेलेला भक्त

आषाढीच्या पर्वणीस ख्रिस्ती माणसाचे चरित्र कशाला, असे काही वाचक म्हणतील. परंतु खाप्यास कन्हानेच्या काठी, विणकरांच्या वस्तीत कीर्तनास उभे राहिलो म्हणजे आम्हांस रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवतातच. १८६१ साली ब्राह्मणकुळात जन्मलेले हे कवी नागपुरास आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करीत. पुढे राजनांदगावी जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती बायबल दिले. १८९५ साली त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले; कित्येक वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली.

त्यांच्या धर्मांतराचे समर्थन आम्ही करीत नाही. पण तुकोबांना त्यांनी अंतर दिले नाही. परक्या चालींच्या प्रार्थनामंदिरात त्यांनी अभंग, भजन, कीर्तन नेले. देव त्यांना फुलांत दिसे, मुलांत दिसे, नगरच्या घरी आणलेल्या निराधार पोरांत दिसे. त्या पोरांसाठी चूल पेटती ठेवली ती लक्ष्मीबाईंनी! १९१७ साली मिशनचे काम सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. तेथे बाप्तिस्मा न घेतलेल्यासही स्थान होते. १९१९च्या मे महिन्यात ते निवर्तले. ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पुढे चालविले.