पबजीमधलं ‘पी१९११’ पिस्तूल ज्याच्या डोक्यातून आलं, तो जॉन ब्राऊनिंग कोण होता?

टॅक्टिकल शूटर गेम खेळणाऱ्यांचा अर्धा वेळ लोडआउट लावण्यातच जातो. मोठी गोळी घ्यायची, की जास्त गोळ्या मावणारी मॅगझिन? हा प्रश्न गेम बनवणाऱ्यांनी शोधलेला नाही. एका माणसाने त्याची दोन्ही उत्तरं शोधायचा प्रयत्न केला होता. त्याचं नाव जॉन मोझेस ब्राऊनिंग.

१८५५ साली अमेरिकेतल्या युटाह प्रांतात, ऑग्डेन गावात त्याचा जन्म झाला. वडील बंदुका बनवायचे, त्यामुळे पोरगं दुकानातच वाढलं. १८७९ मध्ये त्याला रायफलचं पहिलं पेटंट मिळालं. पुढे ‘विंचेस्टर’ कंपनीने ते डिझाइन विकत घेतलं आणि गडी थांबलाच नाही. पबजीतली ‘विन९४’ ज्या रायफलवरून घेतली आहे, तीही त्याचीच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिलिपाइन्समध्ये लढणाऱ्या अमेरिकन सैनिकांची तक्रार होती, की .३८ रिव्हॉल्व्हरची गोळी लागूनही समोरचा माणूस थांबत नाही. लष्कराने .४५ कॅलिबरचं पिस्तूल मागितलं. ब्राऊनिंगच्या पिस्तुलातून चाचणीत ६००० गोळ्या झाडल्या, पण ते एकदाही अडकलं नाही. २९ मार्च १९११ ला लष्कराने ते स्वीकारलं. गोळी दणकट, पण मॅगझिनमध्ये फक्त ७. तरीही १९८५ पर्यंत हेच अमेरिकन सैन्याचं मुख्य पिस्तूल होतं.

मग फ्रेंच सैन्याला जास्त गोळ्यांचं पिस्तूल हवं होतं. ब्राऊनिंगने त्यावर काम सुरू केलं. पण २६ नोव्हेंबर १९२६ ला बेल्जियममधल्या लिएज इथे, ‘एफएन’ कंपनीच्या कारखान्यातच त्याचं हृदय बंद पडलं. अर्धवट काम द्युदोने सेव्ह या डिझायनरने पूर्ण केलं आणि १९३५ मध्ये ‘हाय-पॉवर’ आलं. गोळी ९ मिमीची म्हणजे लहान, पण मॅगझिनमध्ये १३. हेच पिस्तूल पुढे बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनू लागलं आणि भारतीय जवानांच्या कमरेला आलं.

या कथेला एक काळी बाजूही आहे. २८ जून १९१४ ला साराजेव्होमध्ये ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पहिल्या महायुद्धाची ठिणगी पडली. मारेकरी गाव्रिलो प्रिन्सिपच्या हातातलं पिस्तूलही ब्राऊनिंगच्याच डिझाइनचं होतं.

लोडआउट लावताना आपण आधी डॅमेज बघतो. पण ब्राऊनिंगच्या पिस्तुलाची पहिली परीक्षा वेगळीच होती: ऐन वेळी अडकणार तर नाही ना? गेममध्ये निवड चुकली तर पुढची मॅच असते. ज्यांच्यासाठी ही पिस्तुलं बनली, त्या सैनिकांना दुसरी मॅच नव्हती.