माणिकबागेतली अमेरिकन मोटार

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि भोपाळ ही त्याची राजधानी झाली. जुने मध्य भारत राज्य त्यात विलीन झाल्याने त्या दिवशी उपराजप्रमुख हे पदही संपले. ते भूषविणारे गृहस्थ म्हणजे इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर, या नावाचे दुसरे. मल्हाररावांच्या गादीवर बसलेला हा शेवटचा सत्ताधारी पुरुष त्यावेळी अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. हाती ना राज्य उरले होते, ना पद. आज युरोप-अमेरिकेत त्यांचे नाव निघते ते राज्यकारभारासाठी नव्हे. ते निघते एका महालासाठी, तीन दगडी-धातूच्या पक्ष्यांसाठी आणि नारिंगी-काळ्या रंगाच्या एका अमेरिकन मोटारीसाठी.

यशवंतरावांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८चा. सतराव्या वर्षी ते गादीवर आले, पण ज्या कारणाने आले ते सुखाचे नव्हते. वडील तुकोजीराव (तिसरे) यांच्या दरबारातून निघून गेलेली नर्तकी मुमताज हिच्यावर जानेवारी १९२५मध्ये मुंबईच्या मलबार हिलवर हल्ला झाला आणि तिच्यासोबत असलेला व्यापारी अब्दुल कादर बावला मारला गेला. हल्लेखोर मोटारीतून आले होते व त्यांनी बावलाची मोटार अडवली होती. होळकर घराण्याचे भवितव्य बदलणाऱ्या त्या प्रसंगीही रस्त्यावर मोटारीच समोरासमोर होत्या, हा योगायोग खरा. ब्रिटिश सरकारच्या चौकशीला सामोरे जाण्याऐवजी तुकोजीरावांनी फेब्रुवारी १९२६मध्ये गादी सोडली. मुलगा तेव्हा शिकत होता. इंग्लंडात चार्टरहाउस शाळा, मग ऑक्सफर्डचे क्राइस्ट चर्च कॉलेज असे त्याचे शिक्षण झाले. पूर्ण अधिकार हाती आले ते १९३० साली.

कागलच्या घराण्यातील संयोगिताराजे यांच्याशी त्यांचा विवाह १९२४ सालीच झालेला होता. दोघेही उंच, सडपातळ आणि देखणी. पॅरिसमध्ये मॅन रे या छायाचित्रकाराने त्यांची छायाचित्रे काढली, तर बर्नार्ड बुते द मोंव्हेल या चित्रकाराने महाराजांची चित्रे दोन वेषांत रंगवली: एकात युरोपीय संध्यापोशाख, दुसऱ्यात मराठेशाही पगडी व शुभ्र अंगरखा. त्या दोन चित्रांत जेवढे अंतर आहे तेवढेच अंतर हा माणूस आयुष्यभर चालत राहिला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

ऑक्सफर्डच्या दिवसांत एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाशी त्यांची मैत्री जमली. दोघेही विशीतले. इंदूरला माणिकबाग महाल नव्या पद्धतीने उभा करण्याचे काम महाराजांनी त्याच्यावर सोपविले. १९३० ते १९३३ या काळात जर्मनीतून सामान जहाजांनी येत राहिले. संस्थानिकाच्या वाड्यात एरवी जे दिसते, म्हणजे झुंबरे, वाघांची कातडी, सोनेरी वर्खाच्या खुर्च्या, त्यांतले येथे काही नव्हते. सरळ भिंती, धातूच्या नळ्यांच्या खुर्च्या, आयलीन ग्रे यांची बैठक, रूलमान यांचे लेखनाचे मेज, वातानुकूलन. मुथेसियसने महाराजांसाठी रेल्वेचा डबा आणि शिकारीला नेण्याचे चाकांवरचे घरही आखले. प्रत्येक वस्तू वापरासाठी. नुसती मिरवण्याची एकही नाही. मोटारीच्या बाबतीतही महाराजांची हीच दृष्टी होती.

हिस्पानो-सुइझा, देलाज, बेंटली, लागोंडा, अल्फा रोमिओ अशा गाड्या त्यांच्याकडे येत गेल्या. त्या काळी असा शौक करणारे संस्थानिक थोडे नव्हते. फरक असा की, बहुतेकांच्या गाड्या मिरवणुकीच्या असत. मागे ऐसपैस गादी, पुढे गणवेषातला चालक. होळकरांनी १९३५ साली मागविलेली अमेरिकन ड्यूसनबर्ग दोघांनाच बसता येईल अशी होती. ज्या गाडीत चालकाला जागाच नाही, ती मालकाने स्वतः चालविण्यासाठी घेतली, हे सांगायला वेगळा पुरावा लागत नाही.

ड्यूसनबर्ग हे नाव आज आपल्या वाचकांना परके वाटेल. फ्रेड आणि ऑगस्ट हे दोन जर्मन भाऊ लहानपणी अमेरिकेत आले आणि शर्यतीच्या गाड्या बांधू लागले. १९२१ साली त्यांच्या गाडीने फ्रान्सची ग्रां प्री जिंकली, पुढे इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत तीनदा. १९२८च्या अखेरीस त्यांनी ‘जे’ नावाची मोटार बाजारात आणली. रांगेत आठ सिलिंडर, जवळजवळ सात लिटरचे इंजिन, शक्ती २६५ अश्वबळ. १९३२ साली त्यावर हवा दाबून भरणारा सुपरचार्जर बसविला आणि शक्ती ३२० अश्वबळावर गेली; ती ‘एसजे’. त्याच वर्षी स्वतः फ्रेड आपल्याच कारखान्याच्या गाडीच्या अपघातात वारला. नुसत्या सांगाड्याची किंमत साडेनऊ हजार डॉलरपर्यंत गेली होती, आणि त्या काळात फोर्डची साधी गाडी पाच-सहाशे डॉलरांत दारात उभी राहत असे. पुढे १९६०च्या दशकात अमेरिकेत ज्यांना मसल कार म्हणू लागले त्या स्वस्त आणि दांडग्या गाड्यांचे हे फार महागडे पूर्वज म्हणावे लागतील.

कारखाना सांगाडा आणि इंजिन विकत असे. अंग गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून चढवून घ्यायचे. होळकरांचा सांगाडा लांब जातीचा होता, पुढच्या आणि मागच्या चाकांत सुमारे तेरा फुटांचे अंतर. चालकाचे चाक उजवीकडे, कारण गाडी इंदूरच्या रस्त्यांवर धावायची होती. तो लंडनला गेला आणि तेथे चेल्सीतील गर्नी नटिंग या कारागिरांनी त्यावर अंग बांधले. लांबलचक नाक, त्यामागे दोन आसने, आणि नावेच्या टोकासारखी निमुळती होत गेलेली पाठ. रंग नारिंगी आणि काळा. एवढ्या अवाढव्य यंत्रावर एवढी छोटी बैठक ठेवणे हा उधळेपणाच होता. पण पाहणाऱ्याची नजर अजूनही तेथेच खिळते.

गाडीच्या पुढच्या बाजूस तांबडा आणि निळा असे दोन दिवे होते. आत महाराज आहेत की महाराणी, हे नाक्यावरच्या शिपायाला दुरून कळावे म्हणून ते होते असे सांगतात. खरे असेल तर त्यांतला एक दिवा फार काळ लागला नाही. १९३७च्या उन्हाळ्यात संयोगिताराजे स्वित्झर्लंडमध्ये ऐन तारुण्यात निवर्तल्या. मुलगी उषाराजे तेव्हा चार वर्षांचीही नव्हती. त्याच वर्षी ड्यूसनबर्गचा कारखानाही बंद पडला.

रुमानियात जन्मलेला, पॅरिसवासी शिल्पकार कॉन्स्तांतिन ब्रांकुशी याच्याकडून महाराजांनी ‘अवकाशातील पक्षी’ या शिल्पाच्या तीन प्रती घेतल्या होत्या: एक पांढऱ्या संगमरवराची, एक काळ्या, एक ब्राँझची. या पक्ष्यांसाठी इंदूरला ध्यानमंदिर बांधायचे ठरले होते. १९३७-३८च्या हिवाळ्यात ब्रांकुशी त्यासाठी इंदूरला आलाही. पण पत्नीच्या निधनानंतर महाराजांचे चित्त कशातच रमत नव्हते. मंदिराची एक वीटही रचली गेली नाही.

राजा म्हणून त्यांचे मूल्यमापन करणे सोपे नाही. संस्थानची मंदिरे हरिजनांना खुली करण्याचा हुकूम त्यांनी १९३८ साली काढला. शहराला पाणी देणारा यशवंतसागर १९३९चा. सी. के. नायडू, मुश्ताक अली यांना आश्रय देऊन उभारलेल्या होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. १९४२ साली त्यांनी अध्यक्ष रूझवेल्ट यांना उघड पत्र लिहून भारताच्या प्रश्नात मध्यस्थी करण्याची विनंती केली. एका संस्थानिकाने असे करणे ब्रिटिशांना मुळीच रुचले नाही. दुसरीकडे, प्रकृतीच्या कारणाने आणि ओढीनेही ते वर्षानुवर्षे परदेशी राहिले. कॅलिफोर्नियात घर केले, दोन अमेरिकन स्त्रियांशी एकापाठोपाठ विवाह केले. प्रजेला आपला राजा फोटोतच अधिक दिसला, हा आक्षेप त्यांच्या चाहत्यांनाही पुसता येणार नाही.

१९४७ साली त्यांची गाठ भोपाळशी पडली. भोपाळचे नवाब हमीदुल्ला खान हे नरेंद्र मंडळाचे अध्यक्ष आणि संस्थानांनी भारतात सामील होऊ नये या मताचे खंदे पुरस्कर्ते. होळकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. मराठा संस्थानिकांनी मने वळविण्याचा प्रयत्न केला, दिल्लीने दबाव आणला, तरी इंदूरची सही आली ती अगदी अखेरच्या घटकेला. पुढच्या वर्षी, मे १९४८मध्ये, इंदूर मध्य भारतात विलीन झाले. ग्वाल्हेरचे शिंदे राजप्रमुख झाले, होळकर उपराजप्रमुख. ज्या नवाबांच्या साथीने त्यांनी विलीनीकरण लांबविले, त्यांचेच शहर आठ वर्षांनी इंदूरच्याही डोक्यावर राजधानी म्हणून बसले.

आता विक्रीचा काळ सुरू झाला होता. खरे म्हणजे तो आधीच सुरू झाला होता. तुकोजीरावांनी १९१३ साली पॅरिसमध्ये घेतलेले ‘इंदूर पेअर्स’ हे दोन हिरे १९४६मध्येच न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांच्याकडे गेले. हिऱ्याला खर्च नसतो, मोटारीला असतो. कारखाना बंद पडलेल्या गाडीचे सुटे भाग कोठून आणायचे, बत्तीस व्हॉल्व्हचे इंजिन उघडणारा मिस्त्री माळव्यात कोठे शोधायचा आणि सात लिटरच्या इंजिनाला पेट्रोल किती घालायचे, हे प्रश्न राजाला पडत नसत. तनख्यावर जगणाऱ्या माणसाला पडतात. ड्यूसनबर्ग अखेर अमेरिकेस परतली आणि संग्राहकांच्या हाती गेली. आता ती प्रदर्शनांच्या हिरवळीवर सावकाश आणून उभी केली जाते.

५ डिसेंबर १९६१ रोजी यशवंतराव मुंबईत वारले. गोवा मुक्त व्हायला तेव्हा चौदा दिवस उरले होते. इकडे कोणाचे लक्ष संस्थानिकाच्या मृत्यूकडे असणार? तिसऱ्या विवाहापासून झालेल्या मुलाला गादीचा वारसा मिळाला नाही. तो उषाराजे यांच्याकडे गेला. १९७३ साली ब्रांकुशीचे दोन संगमरवरी पक्षी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी कॅनबेरास विकले गेले, तर ब्राँझचा पक्षी कॅलिफोर्नियात आहे. १९८० साली माणिकबागेतले उरलेसुरले सामान मोनाकोतील लिलावात निघाले आणि त्या बैठका-मेजांना मिळालेल्या किमतींनी युरोप चकित झाला. महाल मात्र जागेवर आहे. तेथे सरकारच्या सीमाशुल्क व अबकारी खात्याचे कार्यालय थाटले गेले आणि मुथेसियसने आखलेल्या खोल्यांत फायलींची कपाटे आली.