प्राध्यापक विष्णु वासुदेव नारळीकर

कळंबच्या किनाऱ्यावर भरतीमागून ओहोटी आणि ओहोटीमागून भरती येते, हे आमच्या विद्यार्थ्यांस नित्य परिचयाचे आहे. हे अफाट विश्वही असेच पसरते व आकुंचन पावते काय, आणि त्यातील द्रव्य आले कोठून? हे प्रश्न ज्या गणिताने सोडवू पाहतात, ते आपल्या देशात रुजविणाऱ्या एका महाराष्ट्रीय गुरूचे अल्प चरित्र आम्ही येथे देत आहो.

विष्णुपंतांचा जन्म २६ सप्टेंबर १९०८ रोजी कोल्हापुरास झाला. १९२८ साली मुंबईस पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले. तेथे त्यांना एडिंग्टन यांच्यासारख्या थोर ज्योतिर्विदाचा सहवास लाभला, तसेच रॅले पारितोषिकही मिळाले. विलायतेत राहून कीर्ती मिळविण्याजोगी त्यांची योग्यता होती. परंतु पंडित मदनमोहन मालवीय यांनी पाचारण करताच १९३२ साली, ऐन तारुण्यात, त्यांनी काशीच्या हिंदु विश्वविद्यालयात गणितशाखेची धुरा खांद्यावर घेतली. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाचा अभ्यास या देशात तेव्हा फार थोडे जण करीत.

१९४२ साली प्रह्लाद वैद्य नावाचे एक तरुण गुजराती शिक्षक, पदरी पत्नी व तान्ही मुलगी असता, केवळ शिलकीतल्या पैशावर त्यांच्याकडे शिकावयास आले. तोवर ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणाचे जे गणित ठाऊक होते, त्यात तारा प्रकाश टाकीत नाही असे धरलेले असे. प्रकाश टाकणाऱ्या ताऱ्याचे गणित मांडण्याचे काम विष्णुपंतांनी या शिष्यास दिले. दुसऱ्याच वर्षी ते सिद्धीस गेले, आणि आज जगभर ते वैद्यांच्या नावाने ओळखले जाते. गुरूला याहून मोठी दक्षिणा कोणती?

१९६० साली काशी सोडल्यावर त्यांनी पुढे पुण्यासही अध्यापन केले. १९९१ साली ते निवर्तले.

त्यांचे पुत्र जयंतराव यांनी हॉइल व बर्बिज यांच्यासह १९९३ साली असे मत मांडले की, विश्वास एकच आरंभ नसून ते अब्जावधी वर्षांच्या आवर्तनांनी फुगते व आक्रसते, आणि प्रचंड वस्तुमानांच्या सान्निध्यात नवे कण जन्मास येतात. बहुतेक शास्त्रज्ञांस हे मत मान्य झाले नाही. अतिघन अवस्थेत सापेक्षतावादाचे गणित थकते. तेथे गुरुत्वाकर्षणास पुंजसिद्धांताची जोड हवी, आणि ती अद्याप पूर्णपणे जुळलेली नाही.

सृष्टिकर्त्यावर आमची श्रद्धा आहे. त्याच्या कृतीचे गणित समजून घेणे हीही त्याची एक उपासनाच होय. विद्यार्थिमित्रहो, स्वतःच्या कीर्तीपेक्षा शिष्यांच्या कीर्तीत धन्यता मानणाऱ्या या गुरूचे स्मरण ठेवा. उरलेले काम तुमची वाट पाहत आहे.