श्रीपाद सुब्राव तालमकी : भाडेकरू आणि मालक

तुमच्यापैकी जे ऐरोलीत राहतात त्यांनी आपल्या गृहनिर्माण संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र काढून पाहावे. वर्गीकरणाच्या ओळीत पुष्कळदा ‘भाडेकरू सहभागीदारी’ असे शब्द आढळतात. पैसे भरून घर घेतलेला सभासद भाडेकरू कसा, असा प्रश्न तुम्हाला पडेल. त्याचे उत्तर रावबहादूर तालमकी यांच्या कार्यात आहे.

तालमकी हे मूळचे उत्तर कानडा जिल्ह्यातील चित्रापूर सारस्वत. हा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तेथील शिकलेले तरुण नोकरीसाठी मुंबईस येत आणि कोंदट खोल्यांत दिवस काढीत. अशा वस्तीत राहणे किती धोक्याचे आहे, हे १८९६ च्या प्लेगने दाखवून दिले होते. तालमकींनी आरंभ मात्र पतपुरवठ्यापासून केला. शामराव विठ्ठल कैकिणी या आपल्या गुरूंच्या नावाने त्यांनी १९०६ साली सहकारी पतसंस्था काढली. तीच आजची एसव्हीसी बँक. १९०४ चा कायदा केवळ पतसंस्थांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने इतर सहकारी संस्थांना वाट मोकळी झाली आणि १९१५ साली गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली.

या संस्थेमागील कल्पना नीट समजून घ्या. इमारतीची मालकी संस्थेची. सभासदाकडे भाग आणि राहण्याचा हक्क. तो जे मासिक भाडे भरतो त्यातून कर्जाचे हप्ते, कर आणि दुरुस्ती भागते. व्यवस्थापक समिती सभासदच निवडतात आणि भाग कितीही असले तरी मत एकच. म्हणजे भाडे घेणाराही तोच आणि देणाराही तोच; नफा खाणारा घरमालक मध्ये उरत नाही.

या प्रयोगाची मर्यादाही ध्यानात घ्यावी. तो एका ज्ञातीपुरता होता, आणि भाग घेण्याइतकी पुंजी नसलेला गिरणी कामगार त्याच्या बाहेरच राहिला. तालमकींनी पुढे सहकाराचा प्रसार ज्ञातीबाहेरही केला, त्यावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. तथापि मजुरांच्या घरांचा प्रश्न त्या मार्गाने सुटला नाही.

ऐरोलीत जमीन सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेली, समिती सभासदांची, पण सदनिकेची किंमत बाजार ठरवतो. तालमकींच्या योजनेतील कारभार तेवढा टिकला. ताडदेवच्या तालमकीवाडीला त्यांचे नाव आहे. १९४८ साली त्यांचे निधन झाले.