बेकेलाइटचे जनक लिओ बेकेलंड

इंदूरचा राजवाडा पाहिला नाही असा आमच्या शाळेचा विद्यार्थी विरळाच. सात मजल्यांच्या या वास्तूचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. होळकरांचे वैभव पाहिलेल्या या वाड्याला अग्नीने एकाहून अधिक वेळा ग्रासले. 1984 सालच्या आगीत तर त्याचा मोठा भाग भस्मसात झाला व पुढे त्याची पुनर्बांधणी करावी लागली. राजवाड्याच्या शेजारीच सराफा आहे. पोकळ दागिन्यांत लाख भरण्याची सोनारांची जुनी रीत वाचकांना ठाऊकच असेल. लाख ऊब लागताच मऊ होऊन हवा तो आकार घेते, हा तिचा गुण. परंतु पुन्हा ऊब लागली की पुन्हा मऊ होते, हा तिचा दोष. लाकूड जळते, लाख वितळते. मग साच्यात घालून तापविले असता कायमचे घट्ट होईल, पुन्हा वितळणार नाही आणि ज्यातून वीजही वाहणार नाही, असे द्रव्य मनुष्याला स्वतः निर्माण करता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी शोधून काढले त्या लिओ हेंड्रिक बेकेलंड यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बेकेलंड यांचा जन्म 14 नोव्हेंबर 1863 रोजी बेल्जियम देशातील गेंट या शहरी झाला. वडील चांभारकाम करीत, आई परक्यांच्या घरी कामास जात असे. घरची स्थिती बेताची असल्यामुळे मुलाने लवकर धंद्याला लागावे असे वडिलांना वाटे. आईने मात्र त्याच्या शिक्षणाचा आग्रह सोडला नाही. रात्रीच्या वर्गांत रसायनशास्त्राची गोडी लागली आणि नगराने दिलेल्या शिष्यवृत्तीवर त्यांनी गेंटच्या विद्यापीठात प्रवेश मिळविला. छायाचित्रणाचाही त्यांना नाद होता. त्यासाठी चांदीचे क्षार हवेत, पण ते विकत घेण्यास पैसा कोठला! तेव्हा वडिलांनी दिलेल्या घड्याळाची चांदीची साखळी त्यांनी आम्लात विरघळविली, अशी हकीकत सांगतात. 1884 साली त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली. पुढे आपल्या गुरूंची कन्या सेलीन हिच्याशी 1889 साली त्यांचा विवाह झाला आणि त्याच वर्षी हे दांपत्य अमेरिकेला गेले.

अमेरिकेत प्रारंभी त्यांनी एका छायाचित्रण-साहित्याच्या कंपनीत नोकरी केली व नंतर स्वतंत्र सल्लागाराचा व्यवसाय मांडला. एकाच वेळी अनेक शोधांच्या मागे धावता धावता ते आजारी पडले आणि जवळचा पैसाही संपला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी आपल्या कामाचा हिशेब मांडला. दहा विहिरी अर्धवट खणण्यापेक्षा एकच पाण्याला लागेपर्यंत खणावी, हे त्यांस पटले. सर्व उद्योग बाजूस सारून त्यांनी एकच काम हाती धरले, ते म्हणजे सूर्यप्रकाशावाचून, दिव्याच्या उजेडात छायाचित्र उतरविता येईल असा कागद. व्हेलॉक्स नावाचा हा कागद पुढे घरोघरी पोहोचला. 1899 साली कोडॅक कंपनीचे जॉर्ज ईस्टमन यांनी तो कारखाना मोठी किंमत देऊन विकत घेतला. चांभाराचा मुलगा वयाच्या छत्तिसाव्या वर्षी धनिक झाला.

येथे दुसरा कोणी असता तर स्वस्थ बसला असता. बेकेलंड मात्र जर्मनीला जाऊन पुन्हा विद्यार्थी झाले आणि विद्युत्‌रसायनशास्त्राचा अभ्यास करून परतले. न्यूयॉर्कजवळच्या याँकर्स गावी राहत्या घराच्या आवारात त्यांनी प्रयोगशाळा उभारली.

विजेचा प्रसार तेव्हा झपाट्याने होत होता. तारा, वेटोळी, खटके या सर्वांना विद्युत्‌निरोधक वेष्टन लागे आणि त्यासाठी लाखेला फार मागणी असे. ही लाख मुख्यतः आपल्या भारतातून जाई. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवर राहणारे इवलेसे किडे ती निर्माण करतात. किड्यांच्या कष्टावर चालणारा हा व्यापार वाढून वाढून किती वाढणार? तेव्हा लाखेसारखे द्रव्य प्रयोगशाळेत तयार करावे, असा संकल्प बेकेलंड यांनी सोडला.

त्यांनी निवडलेली द्रव्ये दोन होती, फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड. त्यांच्या संयोगाचा प्रयोग जर्मन रसायनशास्त्रज्ञ बायर यांनी 1872 सालीच केला होता. परंतु त्यातून निघे ती चिकट राळ. ती भांड्याला अशी घट्ट बसे की भांडे टाकून द्यावे लागे. रंगद्रव्यांच्या शोधात असलेल्या बायर यांना तिचा उपयोग दिसला नाही. नंतरच्या अनेकांनी ही क्रिया आटोक्यात आणण्यासाठी उष्णता कमी करून पाहिली. त्यांचा माल कधी मऊ राही, कधी बुडबुड्यांनी सच्छिद्र होई. बेकेलंड व त्यांचे सहायक थर्लो यांनी प्रथम जी लाखेसारखी राळ केली, तिलाही बाजारात यश आले नाही.

तेव्हा बेकेलंड यांनी विचाराची दिशाच बदलली. टाकाऊ म्हणून सर्वांनी हेटाळलेला तो कठीण गोळा हाच आपला खरा माल का नसावा? क्रिया चालू असता पाणी निर्माण होते, उष्णतेने त्याची वाफ होते आणि तीच बुडबुडे करते, हे त्यांनी ओळखले. उपाय म्हणून उष्णता कमी न करता त्यांनी बाहेरून दाब वाढविला. यासाठी त्यांनी लोखंडाचे एक मजबूत बंद पात्र बनविले. दाबामुळे बुडबुड्यांना वाव उरला नाही आणि पात्रातून निघाला घट्ट, एकसंध पदार्थ. ही 1907 सालची गोष्ट. त्या वर्षी जुलै महिन्यात त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, 1909 च्या फेब्रुवारीत रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत शोध जाहीर केला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पेटंट मिळाले. आपल्या नावावरून त्यांनी या पदार्थाला बेकेलाइट हे नाव दिले.

या पदार्थाचे मर्म घरगुती उदाहरणाने समजेल. गूळ तापविला की पातळ होतो, निवला की घट्ट होतो. कितीही वेळा करा. परंतु भाजलेल्या पोळीची पुन्हा कणीक होत नाही. लाख गुळाच्या जातीची, बेकेलाइट पोळीच्या जातीचे. लहान लहान रेणू एकमेकांस जोडून ज्यांचे प्रचंड रेणू बनतात अशा पदार्थांना बहुवारिके म्हणतात. बेकेलाइटमध्ये हे रेणू केवळ साखळीने जोडले जात नाहीत, तर चहूबाजूंनी जाळ्यासारखे विणले जातात. म्हणून ते पुन्हा वितळत नाही. अती उष्णतेत मात्र करपते.

इतके झाले तरी एक मोठी अडचण होतीच. शुद्ध राळ कठीण खरी, पण काचेसारखी ठिसूळ. घट्ट होताना ती आकसे आणि आपटली की फुटे. जो पदार्थ हातातून पडताच फुटतो त्याचा खटका वा दांडा कोण करील? या ठिकाणी बेकेलंड यांची दुसरी, आणि आमच्या मते तितकीच मोठी, कामगिरी येते. प्रारंभी त्यांनी राळ लाकडात मुरवून लाकूड बळकट करण्याचे प्रयोग केले होते. आता राळेतच लाकूड घालावयाचे होते! लाकडाचे बारीक पीठ राळेत मिसळून ते मिश्रण साच्यात दाबून तापविले असता वस्तू कितीतरी चिवट होई. अशा मालात पुष्कळदा जवळजवळ निम्मे वजन लाकडाच्या पिठाचेच असे.

असे का व्हावे? ठिसूळ पदार्थात पडलेली भेग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ धावत जाते. मध्ये लाकडाचा तंतू आडवा आला की ती अडते, वळते, तिचा जोर सरतो. मातीच्या भिंतीत भुसा वा गवत मिसळणारे आपले पूर्वज हेच तत्त्व वापरीत होते. अशा मिसळीच्या पदार्थांना भरणद्रव्ये म्हणतात, आणि जसे काम तसे भरणद्रव्य. अधिक उष्णता सोसावयाची असेल तर ॲस्बेस्टॉस, वीज अधिक चांगली अडवावयाची असेल तर अभ्रक, आघात सोसावयाचा असेल तर सुती कापडाचे तुकडे. याशिवाय माल साच्याला चिकटू नये म्हणून थोडे वंगण आणि शोभेसाठी थोडा रंग. ज्यांच्या घरी जुन्या लाखेच्या ध्वनिमुद्रिका असतील त्यांनी लक्षात घ्यावे की, नाट्यसंगीताचे ते सूर ज्या तबकडीत साठविले, तिच्यातही लाखेबरोबर दगडाची बारीक पूड मिसळलेली असे.

1910 साली बेकेलंड यांनी अमेरिकेत कंपनी स्थापन केली. दूरध्वनी, रेडिओ, मोटारगाडीचे विद्युत्‌भाग, विजेचे खटके, भांड्यांच्या मुठी अशा असंख्य वस्तू बेकेलाइटच्या होऊ लागल्या. पेटंटवरून प्रतिस्पर्ध्यांशी कज्जे झाले. शेवटी 1922 साली त्या कंपन्या एकत्र आल्या. 1924 साली ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष झाले. मात्र उत्तरायुष्यात ते एकांतप्रिय बनले. कारखाना पुढे चालविण्याची मुलाची इच्छा नव्हती, म्हणून 1939 साली तो युनियन कार्बाइड कंपनीस विकण्यात आला. 23 फेब्रुवारी 1944 रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांचे ते जुने लोखंडी पात्र वॉशिंग्टनच्या संग्रहालयाने जपून ठेवले आहे.

चरित्र लिहिताना केवळ स्तुती करणे आम्हांस योग्य वाटत नाही. उष्णता सोसणाऱ्या ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे फुप्फुसांत गेले असता प्राणघातक रोग होतात, हे पुढे सिद्ध झाले; अनेक देशांनी त्यावर बंदी घातली आणि त्याची जागा काचतंतूंसारख्या पदार्थांनी घेतली. तसेच जे पुन्हा वितळत नाही ते वितळवून पुन्हा वापरताही येत नाही. म्हणून गुण आणि दोष कित्येकदा एकाच मुळापासून फुटतात, हे शास्त्राच्या विद्यार्थ्याने विसरू नये. पदार्थ काय काम करतो एवढेच न पाहता त्याचे पुढे काय होते हेही पाहिले पाहिजे.

या चरित्रापासून आमच्या विद्यार्थ्यांनी काय घ्यावे? एक म्हणजे, दुसऱ्याने टाकून दिलेल्या गोष्टीकडे पुन्हा एकवार पाहण्याची दृष्टी. दुसरे म्हणजे, धन मिळाल्यावरही विद्यार्थी होण्याची तयारी. आणि तिसरे असे की, नुसता कठीणपणा म्हणजे बळ नव्हे. उत्तम राळही एकटी असता फुटते आणि लाकडाच्या क्षुल्लक पिठाची जोड मिळताच टिकते. सुतारशाळेत खाली पडलेला भुसा झाडून टाकण्यापूर्वी एवढे ध्यानात आले, तरी हे चरित्र वाचल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.