पालिकेकडे पैसे नव्हते म्हणून...

दरवर्षी १५ सप्टेंबरला पोर्चमध्ये टेबल मांडलं जातं. त्यावर म्हैसुरी फेटा बांधलेल्या एका आजोबांचा फोटो, हार, उदबत्ती. फर्स्ट इयरला मला ते कॉलेजचे संस्थापकच वाटले होते! (कॉन्व्हेंटचं शिक्षण, दुसरं काय.) भाषणात मात्र दरवर्षी तीच रेल्वेच्या रुळाची गोष्ट. ती तुम्हाला पाठ असेल, म्हणून इथे सोडून देते.

मी परतूरची. आमच्या ओट्यावर कुठल्याही नव्या योजनेचा विषय निघाला, की आजोबांचा पहिला प्रश्न ठरलेला : पैसे कोण देणार? लायब्ररीत सर विश्वेश्वरय्यांविषयी वाचायला बसले आणि लक्षात आलं, की हा माणूसही जन्मभर याच प्रश्नाशी झगडत होता.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्म १८६१ सालचा, गाव कर्नाटकातलं मुद्देनहळ्ळी. वडील लवकर गेले. बंगळूरला शिकवण्या करत ते बी.ए. झाले, मग म्हैसूर सरकारच्या स्कॉलरशिपवर पुण्याच्या सायन्स कॉलेजात (म्हणजे आपलं सीओईपी!) आले आणि १८८३ साली पहिल्या नंबराने पास झाले. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या पी.डब्ल्यू.डी.त असिस्टंट इंजिनिअर. सुरुवातीची नोकरी नाशिक-धुळ्याकडची.

मला सगळ्यात आवडलेलं काम सक्करचं. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. १८९० च्या दशकात सरकारने त्यांना सक्करच्या पालिकेकडे पाठवलं. सिंधू नदीचं गढूळ पाणी टेकडीवर चढवायचं, तिथे गाळायचं आणि उताराने गावात सोडायचं, असा बेत. पण गाळायला फिल्टर बेड लागतात आणि त्यासाठी पालिकेकडे पैसेच नव्हते. दुसरा कुणी असता तर ग्रँट येईपर्यंत फाईल बंद! यांनी नदीच्या पात्रातच, काठाजवळ, खोल गोल विहीर घेतली. वाळूतून झिरपून येणारं पाणी आपोआप स्वच्छ. ते बोगद्याने पंपापर्यंत नेलं. म्हणजे गाळायचं काम नदीच फुकट करू लागली. आमच्याकडे दुधना आटली की वाळूत झिरे खोदतात, त्याचाच हा मोठा भाऊ.

पुण्यातही तसंच. खडकवासल्याच्या तलावात साठा वाढवायचा होता, पण धरणाची भिंत उंच करणं खर्चाचं. त्यांनी सांडव्यावर आपोआप उघडणारी आणि मिटणारी दारं बसवली. पाण्याची पातळी आठ फुटांनी वाढली, भिंतीला हात न लावता. दारांचं पेटंट होतं, पण सरकारी नोकरीत केलेलं काम म्हणून त्यांनी रॉयल्टी घेतली नाही. नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. पाणी थोड्या ऊसवाल्यांपुरतं न राहता पाळीपाळीने जास्त गावांना मिळावं, हा हेतू. सुरुवातीला शेतकऱ्यांनी विरोध केला, वर्तमानपत्रांनीही टीका केली.

१९०८ साली मुसी नदीच्या पुराने हैदराबाद वाहून गेलं. निजामाने त्यांना बोलावलं, आणि त्यांच्या आराखड्यातून पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर ही धरणं झाली. तेव्हा परतूर निजामाच्याच राज्यात होतं. म्हणजे राजधानीच्या धरणांसाठी ज्या खजिन्यातून पैसा निघाला, त्यात मराठवाड्यातल्या शेतसाऱ्याचाही वाटा होता. आजोबांना हे सांगितलं तर ते नक्की हिशोब मागतील!

नंतर म्हैसूर : आधी चीफ इंजिनिअर, १९१२ ते १९१८ दिवाण. कृष्णराजसागर धरणाचा खर्च बघून तिथल्या अर्थखात्याला घाम फुटला होता. त्यांनी नुसती धरणाची ड्रॉइंग्ज पुढे केली नाहीत, हिशोबही मांडला : धरणामुळे शिवसमुद्रमच्या वीजकेंद्राला वर्षभर पाणी मिळेल, कोलारच्या सोन्याच्या खाणी जादा वीज विकत घेतील, त्यातून पैसा फिटत जाईल. बांधकाम सिमेंटऐवजी सुरखीच्या चुन्यात. डिझाइन आणि कॅशबुक एकाच माणसाच्या डोक्यात असलं की काय होतं ते इथे दिसतं. आपल्याला एस्टिमेटिंगचा पेपर असतो, पण उत्पन्नाची बाजू कुणी विचारत नाही.

नाहीतर छोट्या गावाचं गणित आजही तेच आहे. २००५ साली लहान-मध्यम शहरांसाठी केंद्राची योजना आली, तिच्यात साधारण ८० टक्के केंद्र, १० टक्के राज्य आणि उरलेले १० टक्के पालिकेने उभे करायचे. ऐकायला दहा टक्के किरकोळ वाटतात, पण घरपट्टी आणि पाणीपट्टीवर चालणाऱ्या पालिकेला तेवढेच जड. शिवाय पाइप टाकून झाल्यावर पंपाचं वीजबिल दर महिन्याला येतं, त्यात टक्केवारी नसते.

म्हातारपणीही ते स्वस्थ बसले नाहीत. १९२४ साली कराची पालिकेच्या कारभाराचा आणि पैशांचा अभ्यास त्यांनी केला. १९३४ साली नियोजनावर पुस्तक लिहिलं, १९५५ साली भारतरत्न मिळालं. १४ एप्रिल १९६२ ला, वयाची शंभरी ओलांडून, ते बंगळूरला गेले. आजोबा तेव्हा परतूरला शाळेत होते. घरात नळ नव्हता, पाणी आडावरून यायचं.