श्वासात अडीचशे पदार्थ शोधणारा माणूस

दिघोरीत आमच्या गल्लीत एक आजोबा होते. जेवण झालं की पोटात जळजळ. मग मेडिकलमधून ॲसिडिटीची गोळी, नाहीतर पाण्यात सोडा. ढेकर आला की बरं वाटायचं. असं सात-आठ महिने चाललं. पुढं वजन उतरलं, भाताच्या दोन घासांतच पोट भरायला लागलं, तेव्हा मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला. दुर्बिणीच्या तपासणीत पोटाचा कॅन्सर निघाला, तोही यकृतापर्यंत पोचलेला. पुढची रोवणी त्यांनी पाहिली नाही. घशातून नळी घालतात म्हणून ते आधी तपासणीच टाळत होते, हे नंतर कळलं.

नुसती फुंकर मारून हा आजार ओळखता येईल का, यावर जगात बरंच काम चाललंय. त्याचा धागा धरून मागं मागं गेले, तर सापडले लिनस पॉलिंग. केमिस्ट्रीच्या पुस्तकात इलेक्ट्रोनिगेटिव्हिटीच्या तक्त्याला ज्यांचं नाव आहे, तेच हे पॉलिंग. तक्ता आपण पाठ केला, माणूस मात्र कुणी सांगितला नाही.

जन्म २८ फेब्रुवारी १९०१, अमेरिकेतलं पोर्टलंड. वडिलांचं औषधाचं दुकान होतं. लिनस नऊ वर्षांचा असताना वडील गेले, पोटातला अल्सर फुटून. दुसऱ्यांना औषधं देणारा माणूस पोटाच्या दुखण्यानं जावा, काय म्हणायचं याला! घरात आई आणि तीन लेकरं. आईनं घर चालवण्यासाठी खोल्या भाड्यानं दिल्या. लिनसला केमिस्ट्रीचं वेड लागलं ते एका मित्राच्या घरी प्रयोग पाहून. हायस्कूलचा दाखला मात्र त्याला मिळालाच नाही, कारण इतिहासाचे दोन पेपर राहिले होते. शाळेनं तो दाखला १९६२ मध्ये दिला. तोपर्यंत पठ्ठ्याच्या नावावर एक नोबेल जमा होतं!

कॉलेजात शिकता शिकता लिनस खालच्या वर्गांना शिकवायचा. १९२२ मध्ये अशाच एका वर्गात त्यानं एका मुलीला अमोनियम हायड्रॉक्साइडवर प्रश्न विचारला आणि तिनं तो नीट सोडवला. तिचं नाव एव्हा हेलन मिलर. पुढच्या वर्षी दोघांचं लग्न झालं. (आमच्या कॉलेजात अशा प्रश्नांची शेवटं वेगळी होतात.)

यानंतरचं झरझर सांगते, कारण ते गुगलवर सगळं आहे. रासायनिक बंधांवरच्या कामासाठी १९५४ चं नोबेल. अणुचाचण्यांविरुद्ध अकरा हजारांवर शास्त्रज्ञांच्या सह्या गोळा करून त्या संयुक्त राष्ट्रांकडे दिल्या, त्यात एव्हा हेलन बरोबरीनं होत्या. मग १९६२ चं शांततेचं नोबेल. दोन्ही नोबेल एकट्यानं, कुणाबरोबर न वाटता मिळवणारा दुसरा माणूस अजून झालेला नाही.

पण १९४९ ची एक गोष्ट आपल्या भागासाठी थांबून सांगायला हवी. सिकलसेल झालेल्यांचं हिमोग्लोबिन विजेच्या प्रवाहात निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळं सरकतं, हे पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. म्हणजे आजाराचं मूळ एका रेणूत आहे. आपल्या विदर्भात सिकलसेल किती घरांत आहे, ते तुम्हाला सांगायला नको. शाळेत बोटाला सुई टोचून आपली तपासणी होते आणि पुढं पक्कं निदान करायला इलेक्ट्रोफोरेसिस नावाची टेस्ट होते, तिच्यामागं हेच काम आहे.

रेणूवरून आजार ओळखायचा, ही कल्पना त्यांच्या डोक्यातून मग गेलीच नाही. १९७१ मध्ये, वयाच्या सत्तरीत, स्टॅनफर्डला असताना त्यांनी माणसाचा श्वास तपासायला घेतला. रक्त फुप्फुसांतून फिरतं, तेव्हा त्यातले सहज उडून जाणारे पदार्थ हवेत उतरतात आणि बाहेर पडतात. पण त्यांचं प्रमाण इतकं कमी की नाकाला पत्ता लागत नाही. पॉलिंगच्या टीमनं श्वास खूप थंड केलेल्या नळीतून नेला, तेव्हा हे पदार्थ आत गोठून राहिले. मग नळी तापवून ते गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये सोडले. हे यंत्र म्हणजे बाजाराच्या दिवशीची अरुंद गल्ली समजा. ज्याला काही घ्यायचं नाही तो झपाट्यानं पार होतो, जो दुकानादुकानाशी थांबतो तो उशिरा बाहेर पडतो. पदार्थही असेच आपापल्या वेळेला बाहेर येतात आणि कागदावर एकेक टोक उमटतं. पॉलिंगच्या कागदावर अशी सुमारे अडीचशे पदार्थांची नोंद झाली. श्वासात इतकं काही असेल, याची तोवर कुणाला कल्पना नव्हती. त्यातलं कोणतं टोक कोणत्या आजाराचं, हे मात्र तेव्हा सांगता येत नव्हतं.

पाचच वर्षांनी, १९७६ मध्ये, एव्हा हेलनना पोटाचा कॅन्सर निघाला.

ऑपरेशन झालं. त्यानंतर केमोथेरपी घ्यायची नाही, व्हिटॅमिन सी भरपूर घ्यायचं, असं ठरलं. पॉलिंगना तेव्हा या व्हिटॅमिननं झपाटलं होतं. त्याच वर्षी त्यांनी एका स्कॉटिश डॉक्टरबरोबर, व्हिटॅमिन सी घेणारे कॅन्सर रुग्ण जास्त जगतात, असा पेपर छापला होता. तुलनेसाठी घेतलेले रुग्ण नीट निवडलेले नाहीत, अशी टीका त्यावर झाली. मेयो क्लिनिकनं १९७९ आणि १९८५ मध्ये काटेकोर चाचण्या केल्या, त्यांत फायदा दिसला नाही. पॉलिंगनी ते शेवटपर्यंत मान्य केलं नाही. मला हे वाचताना रागच आला. अडीचशे पदार्थ मोजणारा माणूस स्वतःच्या आवडत्या गोळीचा हिशोब तसाच कडक का ठेवत नाही? पण आमच्या गल्लीतले आजोबाही सोड्यावर असाच भरवसा ठेवून होते आणि तेव्हा आमच्यापैकीही कुणी त्यांना टोकलं नाही. १९८१ मध्ये एव्हा हेलनचा कॅन्सर परत आला. ७ डिसेंबरला त्या गेल्या. लग्नाला अठ्ठावन्न वर्षं झाली होती.

आता त्या अडीचशेंच्या गर्दीत शोध बराच पुढं गेलाय. २०१८ मध्ये लंडनच्या तीन हॉस्पिटलांतल्या ३३५ जणांच्या श्वासाचा अभ्यास छापून आला. श्वासातल्या फक्त पाच पदार्थांवरून जठर आणि अन्ननलिकेचा कॅन्सर शंभरातल्या साधारण ऐंशी रुग्णांत ओळखता आला. उरलेले वीस सुटले, आणि कॅन्सर नसलेल्या काही जणांवरही संशय आला. त्यामुळं दुर्बीण सुटलेली नाही. फुंकरीवरून कुणाला आधी दुर्बिणीकडे पाठवायचं, एवढं ठरवता यावं, असा प्रयत्न आहे. आमच्या आजोबांसारख्या नळीला घाबरणाऱ्यासाठी तेवढंही पुष्कळ झालं असतं.

पॉलिंग १९ ऑगस्ट १९९४ ला कॅलिफोर्नियातल्या आपल्या रँचवर वारले, प्रोस्टेटच्या कॅन्सरनं. हेलिकोबॅक्टर पायलोरी या पोटात राहणाऱ्या जंतूला जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेनं कॅन्सरचं कारण म्हणून यादीत घातलं, तेही त्याच वर्षी. अल्सरही बहुतेक वेळा याच जंतूमुळे होतो. तो पोटात आहे की नाही, हे आज युरियाचं पाणी पिऊन पिशवीत फुंकर मारली की कळतं.